सगळं खाली आहे

आमच्या घरचा फोन वाजला की मी आधी हेमंतचं तोंड बघते. पहिल्याच वाक्याला त्याने डोळे मिटले की समजायचं, टाउनशिपमध्ये कुणाचा तरी कंप्युटर आडवा झालाय. "हाँ साहब... नहीं-नहीं, तकलीफ काहे की... संडे को आता हूँ," असं म्हणून तो फोन ठेवतो आणि फोनवरचा हात काढायलाच विसरतो. इतक्या दमलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला का शिकवलं नाही, हे त्याच्या आईला विचारायचं राहून गेलं. आता त्या नाहीत.

हेमंत माझा नवरा. कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. म्हणजे मोटरी, पॅनल, केबली आणि तीन पाळ्यांतली जी नशिबी येईल ती पाळी. कंप्युटर त्याला कुणी शिकवला नव्हता. झालं असं की कारखान्याने कंप्युटरसाठी ॲडव्हान्स द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता भोपाळच्या या टाउनशिपमध्ये, पिपलानीपासून बरखेड्यापर्यंत, घरोघरी एकेक डबा येऊन बसला, वर क्रोशाचा रुमाल पांघरून. आमचाही आला आणि लगेच बिघडला. हेमंतने डोकं लावून त्यात विंडोज पुन्हा टाकली. शेजारच्या सिन्हाबाई तेव्हा दही मागायला आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि झालं कल्याण! आठवडाभरात साऱ्या टाउनशिपला कळलं की बिजलीवाल्या भैयाला विंडोज टाकता येते.

विंडोज टाकणं म्हणजे काय, हे मला आता पाठ झालंय. सीडी घालायची, निळा पडदा येतो, त्यावर पांढरी अक्षरं, दोनचार बटणं दाबायची, मग एक पिवळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहते. ती सरकेपर्यंत करायला काही नसतं, पण उठताही येत नाही, कारण मध्येच तो कंप्युटर काहीतरी विचारतो. त्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. हेमंतने आपले किती रविवार दुसऱ्यांच्या बैठकीत त्या पट्टीकडे बघत घालवलेत, देव जाणे. समोर पोहे येतात, चहा येतो, पुन्हा चहा येतो, आणि घरची माणसं त्याला आपापली दुखणी सांगतात. घरी येऊन म्हणतो, "जेवायला नको, पोट भरलंय." मी केलेली भाजी तशीच पातेल्यात. यालाच म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या भाजणं! भाजणाऱ्याचे हात पोळतात आणि लष्कर विचारतं, "भैया, कंप्युटर अजून स्लो का चालतो?"

आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये शांतारामकाका उकिडवे आणि मंदाकिनीकाकू राहायचे. मूळचे साताऱ्याचे. उभी हयात भोपाळमध्ये काढली, पण घराच्या उंबऱ्याच्या आत हिंदीचा एक शब्द येऊ दिला नाही. काका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. जॉब, म्हणजे घडवलेले भाग, तपासायचे आणि खोट दिसली की खडूने फुली मारून म्हणायचे, "रिजेक्ट!" घरी आले की तपासायला जॉब नसायचे, मग आमचं मराठी तपासायचे. मी उज्जैनची, हेमंत ग्वाल्हेरचा. आमच्या मराठीत फुल्याच फुल्या.

एकदा आमचा गॅस ऐन पाहुणे आलेले असताना संपला. हेमंत धावत समोर गेला. "काका, सिलेंडर खाली झालाय, तुमचा जास्तीचा देता का?"

काकांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. "खाली झालाय? कुठून पडला?"

"पडला नाही काका, खाली झाला."

"अरे ग्वाल्हेर सरकार, खाली म्हणजे जमिनीकडे. संपला असेल तर रिकामा म्हणावं. डबा रिकामा, घर रिकामं, डोकं रिकामं. खाली नाही! रिजेक्ट. पुन्हा बोल."

आणि हेमंतकडून 'रिकामा' वदवून घेईपर्यंत त्यांनी सिलेंडरला हात लावू दिला नाही. इकडे माझी कणीक वाळत होती. मी इतकी चिडले होते, की बास! पण काकांवर फार वेळ चिडून राहता यायचं नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत हाउजीचे, म्हणजे तंबोल्याचे, आकडे तेच पुकारायचे. आकडा नुसता कधी सांगायचे नाहीत. "पगार संपला, महिना उरला, वीस!" "गळ्यात हार, घरी बेकार, साठ!" अख्खा मांडव हसायचा. तिकिटावर एकही आकडा कापला गेला नाही तरी माणसं शेवटपर्यंत बसायची, ती काकांच्या आवाजासाठी.

त्यांचा मुलगा रवींद्र पुण्याला असतो. त्याने नेटवर बोलायला म्हणून कानाला लावायचा माइक आणून दिला, तर काकांना नवीन खेळणंच मिळालं. हाउजीची तालीम करायचे आणि कंप्युटरमध्ये भरून ठेवायचे. मध्येच "मंदे, चहा टाक गं!" असंही त्यात भरलं जायचं. रवींद्रने ते सगळं एका जागी ठेवून काकूंना समजावलं होतं, की कंप्युटर उघडला की दोन कप्पे दिसतात. वरच्याला हात लावायचा नाही, ते कंप्युटरचं स्वतःचं आहे. बाबांचं सगळं खाली.

मागच्या दिवाळीनंतर काकांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावकाश परत आला, हातही थोडाफार आला. वाचा तेवढी आली नाही. कळायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं ते. काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, आवाज यायचा नाही, आणि मग भिंतीकडे मान फिरवून पडून राहायचे. ज्या माणसाने आम्हाला एक शब्द चुकू दिला नाही, त्याची ही गत! मला त्या घरात जाववायचं नाही.

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी काकूंना सांगितलं, की यांचा स्वतःचा आवाज कुठे भरलेला असेल तर रोज ऐकवा. दुसऱ्या कुणाचा नको, यांचाच. पाठ असलेलं आधी परत येतं. काकू रोज दुपारचा चहा झाला की कंप्युटर लावायच्या. काका मान तिरकी करून ऐकायचे. उन्हाळा लागता लागता त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. पण "पगार संपला" म्हटलं की ओठ बरोबर पुढचं म्हणायचे. काकू मला हात धरून दाखवायला घेऊन गेल्या. "बघ प्रतिभा, आता येईल हं. आता कधीही येईल."

आणि नेमका तेव्हाच तो कंप्युटर बसला. पेन ड्राइव्हमधून कुठला तरी व्हायरस शिरला होता. हेमंतने विंडोज टाकली, चार दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. तो म्हणाला, "व्हायरस दुसऱ्या कप्प्यात लपून बसतो आणि पहिल्यात परत येतो. आता दोन्ही साफ करावे लागतील." मीही ते ऐकलं होतं; पण काकू काकांचा आवाज सीडीवरून लावतात, अशीच आमची दोघांची समजूत होती. काकूंच्या चहानंतरच्या त्या आवाजाला खंड पडला होता आणि काकांचे ओठ पुन्हा मिटायला लागले होते. काकू रोज दारात येऊन विचारायच्या, "हेमंत आला का गं?"

त्या रविवारी हेमंत रात्रपाळी करून आला होता. कारखान्यात एक मोठी मशीन बंद ठेवून तिची दुरुस्ती चालली होती, त्यामुळे आठवडाभर ना झोप ना जेवण. मी म्हटलं, आज झोप, मरत नाही कुणी. त्यावर तो बूट न काढताच म्हणाला, "काकू रोज दारात उभ्या राहतात गं. मला बघवत नाही." आणि गेला. मीही पाठोपाठ कैरीची डाळ घेऊन गेले, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

कंप्युटर बाहेरच्या खोलीत. काकू आत काकांना भरवत होत्या. स्वयंपाकघरात कुकर. निळा पडदा आला, पांढऱ्या अक्षरांत दोन कप्पे दिसायला लागले. हेमंतचे डोळे लाल झाले होते. त्याने आत हाक मारली, "काकू, दुसऱ्या कप्प्यात काही आहे का? डी मध्ये?"

"काय म्हणतोस?"

"काही ठेवायचंय का? साफ करतोय मी."

आतून काकूंनी ओरडून सांगितलं, "वरचं काही नको रे! सगळं खाली आहे." त्याच वेळी कुकरने शिटी दिली.

"खाली आहे ना?"

"हो हो, खालीच आहे. कर तू!"

हेमंतने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दोन्ही कप्पे पुसले गेले.

माझ्याही कानावर ते वाक्य पडलं होतं आणि माझ्याही डोक्यात काही पेटलं नाही. उज्जैनला आमच्या आईचा पिठाचा डबा खालीच व्हायचा. आम्हा इकडच्यांना तो शब्द असाच ऐकू येतो, त्याला कोण काय करणार?

त्या दिवशी लाइट गेली नाही. पिवळी पट्टी सुरळीत सरकली. एवढंच करून घरी यावं की नाही? पण नाही! हेमंतला वाटलं, एवढा मोठा कप्पा उगीच रिकामा, काकांना गाणी आवडतात. त्याने घरून आपल्या साऱ्या सीडी नेल्या आणि नाट्यगीतं, भजनं, अभंग, जे होतं ते सगळं त्यात गच्च भरून दिलं. काकूंनी त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. घरी येऊन तो तसाच बुटांसकट झोपला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला काकू आमच्या दारात. "प्रतिभा, कंप्युटर कसा छान चालतोय बघ. पण ह्यांचा आवाज हेमंतने कुठे ठेवलाय गं? खाली उघडलं तर तिथे गाणीच गाणी."

हेमंत कारखान्यातून येऊन हात धूत होता. 'खाली उघडलं' हे शब्द त्याने ऐकले. नळ चालू, साबणाचे हात तसेच, आणि हा गडी आरशात स्वतःकडे बघतोय. मला आधी काही समजेना. मग समजलं आणि मी जाऊन नळ बंद केला.

"उद्या लावून देतो, काकू," एवढंच तो बोलला आणि त्यांचा कंप्युटर उचलून आमच्या घरी घेऊन आला.

त्या आठवड्यात मी त्याला काय काय बोलले, ते सांगत नाही. "अरे, त्या घरात खाली म्हणजे खालीच असतं, हे तुला ठाऊक नव्हतं? सिलेंडरच्या वेळी एवढं घोकून घेतलं होतं ना तुझ्याकडून?" हा बोलत नाही म्हणून तर मला जास्त राग येतो! कामावरून आला की कंप्युटर उघडून बसायचा. पुसलेलं परत काढायच्या युक्त्या असतात म्हणे, त्या सगळ्या करून पाहिल्या. शेवटी आतली डिस्क काढून जवाहर चौकात एका दुकानात नेली. त्या माणसाने दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, "भाईसाहब, सिर्फ मिटाया होता तो निकल आता. आपने ऊपर से गाने भर दिए." जे परत निघालं, तेही हेमंतचीच गाणी निघाली. काका नाहीत.

घरी आल्यावर हेमंत डिस्क टेबलावर ठेवून म्हणाला, "चांगलं व्हावं म्हणून भरली होती गं गाणी." आणि रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग माझंही भांडण संपलं. मी म्हटलं, "चल. सांगून टाकू. ती म्हातारी रोज वाट बघते."

आम्ही दोघं गेलो. दुपारचा चहा नुकताच झाला होता. काका कॉटवर, भिंतीकडे तोंड करून. टेबलावरची कंप्युटरची जागा काकूंनी पुसून ठेवलेली. आम्हाला बघून त्या चटकन उठल्या. "आणलास?"

हेमंत उभाच राहिला. "काकू, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, सगळं खाली आहे."

"हो मग? खालीच होतं. वर कंप्युटरचं, खाली ह्यांचं."

"मला वाटलं..." मग एका दमात बोलला, "मला वाटलं, काही नाहीये त्यात. मी पुसून टाकलं, काकू. परत काढायला पाहिलं, निघत नाही."

काकू हळूच खुर्चीवर बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या टेबलाकडे बघत राहिल्या. "म्हणजे हाउजीसुद्धा नाही?"

"नाही."

"ते 'मंदे, चहा टाक' म्हणायचे ते?"

हेमंतने मान हलवली. त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "काहीच नाही उरलं, काकू. सगळं खाली झालं."

कॉट करकरली. काकांनी मान इकडे वळवली होती. कपाळाला ती आठी, जी आम्ही कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. डावा हात उचलून त्यांनी हेमंतकडे बोट केलं. ओठ हलले, थांबले, चेहरा लाल झाला. काकू घाबरून उठल्या.

"रि..." काका म्हणाले. "रि... कामं!"

आवाज घोगरा, तुटका, पण काकांचाच. मग काकूंनी तोंडाला पदर लावला आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचं रडं काही आवरेना. हेमंत कॉटपाशी खाली बसला. "हो काका, रिकामं. रिकामं झालं. चुकलं माझं." काका त्याच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "रिकामं." या खेपेला न अडखळता.

आता इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण तसं झालं नाही. पुढे काका तेवढाच एक शब्द बोलायचे. चहा हवा असला तरी "रिकामं", पंखा लाव म्हणायचं असलं तरी "रिकामं", काकूंवर चिडले तरी "रिकामं!" इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, असं होतं, एका शब्दावर गाडी अडते, पण बोलत ठेवा. मग हेमंत सुटीच्या दिवशी आणि कामावरून लवकर आला की समोर जाऊन बसायचा आणि हाउजीचे आकडे पुकारायचा. त्याला काकांसारखं जमायचं नाही. तो चुकला की काकांची आठी पडायची आणि "रिकामं!" म्हणून ओरडायचे. एकदोनदा "साठ" आलं. बाकी काही नाही. दमलेला हेमंत आणि दमलेले काका, दोघं समोरासमोर बसून वीस, साठ, वीस, साठ करायचे, आणि मी आमच्या ओट्यावरून ते ऐकत भाजी निवडायचे. फोन आले तर मी सरळ सांगायला लागले, "भैया घर पे नहीं हैं."

दिवाळीच्या आधी काका रिटायर झाले. हार घरीच आणून घालावा लागला. क्वार्टर सोडायचं होतं, रवींद्र त्यांना पुण्याला न्यायला आला. सामान ट्रकमध्ये चढलं. शेवटी हेमंतने तो कंप्युटर क्रोशाच्या रुमालासकट उचलून नेऊन ठेवला. काकू सगळ्या खोल्या झाडून आल्या, देवघराच्या कोनाड्यात हळदकुंकू वाहून आल्या.

काका रवींद्रचा हात धरून दारात थांबले. आत पाहिलं. भिंतींवर कॅलेंडरांचे पांढरे चौकोन, जमिनीवर कॉटच्या पायांचे डाग. बराच वेळ बघत होते. मग हेमंतकडे वळून, अगदी हळू, एकेक अक्षर नीट लावत म्हणाले, "रिकामं."

त्या दिवशी ते चुकलं नव्हतं. हेमंतने नुसती मान हलवली.

समोरच्या क्वार्टरवर एस्टेट ऑफिसवाल्यांनी कुलूप घातलं आणि दारावर खडूने मोठ्या अक्षरांत 'खाली' लिहून गेले. संध्याकाळी मी पाहिलं तर हेमंत ओलं फडकं घेऊन ते पुसत होता.